चारवरून परत: मॉरिशस केस्ट्रल वाचला कसा आणि पुन्हा अडचणीत का आला

१९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रल या छोट्या ससाण्याचे जंगलात माहीत असलेले पक्षी होते फक्त चार, आणि त्या चारात अंडी घालणारी मादी एकच. त्या काळात याला जगातला सगळ्यात दुर्मिळ पक्षी म्हणायचे. वीस वर्षांनी, १९९४ पर्यंत तोच आकडा दोनशेच्या वर गेला आणि पक्षी संवर्धनातली सगळ्यात मोठी यशोगाथा म्हणून जगभर सांगितला जायला लागला. आणि मग अजून वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, तोच पक्षी रेड लिस्टमध्ये (कुठली प्रजाती किती धोक्यात आहे याची जागतिक यादी) परत जास्त धोक्याच्या वर्गात गेला. बहुतेक ठिकाणी गोष्ट १९९४ ला थांबवतात. मला मात्र हे प्रकरण पूर्ण मांडावंसं वाटलं, कारण शिकण्यासारखं निम्मं तर नंतरच्या वर्षांत आहे.

आधी पक्षी काय आहे ते. आपल्याकडे माळरानावर जो केस्ट्रल दिसतो, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि खाली उंदीर टोळ शोधतो, त्याचा हा नातेवाईक. पण मॉरिशसवर मोकळं माळरान नव्हतं, होतं ते दाट सदाहरित जंगल, त्यामुळे लाखो वर्षांत याचे पंख आखूड आणि गोलसर झाले, शिक्र्यासारखे, म्हणजे झाडांच्या मधून वळणं घेत उडता यावं. हा हवेत क्वचितच थांबतो. फांदीवर बसून राहतो, खाली नजर ठेवतो आणि दिवसा फिरणाऱ्या हिरव्यागार पाली (फेल्सुमा जातीच्या) पकडतो, त्या त्याचं मुख्य खाणं. शिवाय चतुर, रातकिडे, लहान पक्षी. अंगाने छोटा, त्यातही नर मादीपेक्षा लहान. अंडी साधारण तीन, झाडाच्या ढोलीत किंवा कड्याच्या कपारीत, घरटं असं बांधत नाही. आणि हा त्या बेटाचा उरलेला एकमेव मूळचा शिकारी पक्षी. बाकीचे कधीच संपले.

बेट केवढं, तर साधारण १८६५ चौरस किलोमीटर, गोव्याच्या निम्म्याएवढं. डच आले, त्यांनी आबनूसाची झाडं तोडून नेली, त्यांच्याच काळात डोडो संपला, मग फ्रेंच, मग १८१० पासून इंग्रज, आणि ऊस. उसासाठी सपाट जमीन सगळी साफ झाली. त्या उसात राबायला १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले आणि त्यात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातली आपली माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातलं कास्काव्हेल हे जुनं मराठी वस्तीचं गाव, आणि या केस्ट्रलचा शेवटचा आसरा असलेल्या ब्लॅक रिव्हरच्या घळी त्याच जिल्ह्यात. जंगल कुणी तोडलं हा दोष त्या मजुरांचा नाही, जमीन आणि मळे ज्यांच्या मालकीचे त्यांनी ते ठरवलं, पण मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं की या पक्ष्याच्या गोष्टीत आपल्या लोकांचा घाम कुठेतरी मिसळलेला आहे.

आज मूळ जंगल दोन टक्क्यांपेक्षा कमी उरलंय असं धरतात. पण फक्त जंगल गेलं म्हणून पक्षी चारवर आला नाही. माकडं आणली गेली होती (खेकडे खाणारी मकाक), ती ढोलीतली अंडी आणि पिल्लं काढून खातात. उंदीर, रानमांजरं होतीच. १९०० च्या सुमारास आपल्याकडचं मुंगूस उंदरांवर उपाय म्हणून नेलं आणि ते जंगलात पसरलं, जमिनीवर उतरलेलं केस्ट्रलचं पिल्लू त्याच्या तावडीतून सुटत नाही. गावातले लोक या पक्ष्याला कोंबडीखाऊ म्हणायचे आणि दिसला की मारायचे. खरं तर हा एवढासा पक्षी मोठी कोंबडी काय उचलणार, पण समज तसा होता.

आणि मग डीडीटी हे कीटकनाशक. याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं कारण इथे खलनायक शोधायची घाई होते. मॉरिशसमध्ये १८६७ च्या मलेरियाच्या साथीत हजारो माणसं मेली होती आणि पुढेही मलेरिया होताच. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सुरू झाली, मलेरिया आटोक्यात आला आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त ठरवला. माणसं वाचली, हे खरंच मोठं काम होतं. पण तेच रसायन किडे, मग किडे खाणारी पाल, मग पाल खाणारा ससाणा असं चढत जातं आणि पक्ष्याच्या शरीरात साठतं, अंड्याचं कवच पातळ होतं, मादी उबवायला बसली की अंडं फुटतं. जगभर बहिरी ससाण्याचं जे झालं तेच. मॉरिशस केस्ट्रलचा सगळ्यात वेगवान ऱ्हास त्याच फवारणीच्या वर्षांतला. जंगल आधीच तुटपुंजं, वरून माकड मुंगूस, आणि त्यावर हे.

पहिला प्रयत्न १९७३ पासूनचा. स्टॅन्ली टेम्पल नावाचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ तिथे गेले, जंगलातून पक्षी पकडून पिंजऱ्यात पैदास करायचा बेत होता, तो फसला. पण याच काळात एक गोष्ट घडली, ती कुणी घडवून आणली नव्हती. १९७४ मध्ये एका जोडीने झाडाच्या ढोलीऐवजी उभ्या कड्याच्या कपारीत अंडी घातली, जिथे माकड पोचू शकत नाही, आणि त्यांची तीन पिल्लं उडाली. पिल्लू जिथे वाढतं तसली जागा मोठं झाल्यावर स्वतःसाठी शोधतं, त्यामुळे पुढच्या वर्षांत कड्यावर घरटं करणाऱ्या जोड्या दिसायला लागल्या. म्हणजे माणसाचा प्रोजेक्ट हरत होता तेव्हा पक्ष्याने स्वतः थोडा वेळ मिळवून दिला. हे वाचून मला अजूनही भरून येतं.

तरी आकडा वाढत नव्हता. फंडिंग देणाऱ्यांचा धीर सुटत चालला होता. १९७९ मध्ये नॉर्मन मायर्ससारख्या नावाजलेल्या पर्यावरणतज्ज्ञांनी लिहिलं की मॉरिशस केस्ट्रल त्याच्या जवळजवळ अटळ नशिबावर सोडून द्यावा आणि तोच पैसा ज्यांना जास्त आशा आहे अशा प्रजातींवर लावावा. हा युक्तिवाद वेडेपणाचा नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. पैसा मर्यादित असतो, आणि चार पक्ष्यांवर खर्च करताना दुसरीकडे चारशेची प्रजाती चाळीसवर येत असेल तर प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट ठरत नाही. पण त्या हिशोबात एक गोष्ट मोजलीच नव्हती, ती म्हणजे पक्षी नेमका कुठल्या कारणाने अडलाय आणि ते कारण हाताने दूर करता येतं का.

त्याच १९७९ मध्ये कार्ल जोन्स तिथे पोचले, वेल्सचा पंचविशीच्या आसपासचा तरुण, लहानपणी घराच्या मागच्या बागेत जखमी केस्ट्रल आणि घुबडं पाळून त्यांची पैदास केलेला. त्यांना पाठवलं होतं ते प्रोजेक्ट हळूहळू गुंडाळून स्थानिक सरकारच्या हाती द्यायला. त्यांनी गुंडाळला नाही. पुढची चाळीस वर्षं ते तिथेच गुंतून राहिले आणि हाच प्रकल्प पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या (स्थापना १९८४) कामाचा पाया ठरला, सोबत मॉरिशस सरकार, जर्सी बेटावरचा ड्युरेल ट्रस्ट (दुर्मिळ प्राण्यांसाठी काम करणारी संस्था) आणि अमेरिकेतला पेरेग्रिन फंड (शिकारी पक्ष्यांसाठीची संस्था).

त्यांनी नेमकं काय केलं ते तपशिलात सांगतो कारण सगळी किल्ली तिथे आहे. केस्ट्रलची पहिली अंडी काढून घेतली तर मादी काही दिवसांनी दुसऱ्यांदा अंडी घालते. निसर्गात हे एरवी पहिली अंडी नष्ट झाली तरच होतं. मग जोन्स आणि टीम कड्यावर चढून पहिली अंडी उचलायचे, इनक्युबेटरमध्ये उबवायचे, पिल्लं हाताने वाढवायचे, आणि जंगलातली जोडी दुसरी अंडी स्वतः उबवायची. एका मोसमात एका जोडीकडून दुप्पट. पण मादीला दुसऱ्यांदा अंडी घालायची तर अंगात ताकद हवी, म्हणून जंगलातल्या पक्ष्यांना वरचं खाणं द्यायला लागले, पांढरे उंदीर. केस्ट्रल एवढे सरावले की माणूस उंदीर वर फेकतो आणि पक्षी येऊन हवेतच उचलून नेतो. ढोल्या कमी म्हणून लाकडी नेस्ट बॉक्स लावले, त्यात माकडाचा हात पोचणार नाही अशा जागी. घरट्यांच्या आणि पिल्लं सोडायच्या जागांच्या आसपास मुंगूस आणि मांजरं सापळ्यात पकडली. पिल्लं सोडायची पद्धतही ससाणे पाळणाऱ्यांकडून घेतलेली, बहिरी ससाण्यासाठी पेरेग्रिन फंडने ती अमेरिकेत वापरलेली होती: उडण्याच्या वयाच्या जरा आधी पिल्लांना जंगलात एका पेटीत ठेवायचं, काही दिवसांनी पेटी उघडायची आणि शिकार शिकेपर्यंत तिथेच खाणं देत राहायचं. काही पिल्लं जंगली जोड्यांच्या घरट्यात दत्तक दिली.

यातलं एकेक तंत्र सुटं पाहिलं तर नवीन काही नाही, ससाणे पाळणाऱ्यांना त्यातलं बरंच पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. जोन्सचं मोठेपण मला असं वाटतं की त्यांनी सगळी अडचण एकदम धरली, अंडी कमी, खाणं कमी, ढोल्या कमी, शिकारी जास्त, आणि प्रत्येकावर रोजचा हात ठेवला. त्या काळातले बरेच संवर्धनवाले म्हणायचे की आधी पूर्ण अभ्यास करा, कारणं सिद्ध करा, मग हात घाला. तोपर्यंत पक्षी उरला असता का, मला तरी शंका आहे.

पहिले पक्षी १९८४ मध्ये सोडले. १९८७ पासून बेटाच्या पूर्वेला बांबू डोंगररांगेत सोडायला सुरुवात झाली, तिथे केस्ट्रल कधीच संपला होता. १९९३-९४ च्या मोसमापर्यंत दहा वर्षांत एकूण ३३१ पक्षी सोडले गेले, त्यातले एक तृतीयांश बंदिस्त पैदाशीचे आणि बाकीचे जंगलातून उचललेल्या अंड्यांचे. त्या मोसमाअखेर ५६ ते ६८ जोड्या स्वतःचा इलाका धरून होत्या आणि एकूण पक्षी २२२ ते २८६ असा अंदाज होता. त्याच १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क जाहीर झालं, साडेसहा हजार हेक्टरच्या वर. रेड लिस्टमध्ये पक्षी वरच्या धोक्याच्या वर्गातून असुरक्षित या कमी धोक्याच्या वर्गात आला. आणि पक्षी सोडणं थांबलं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, म्हणजे जोन्स मॉरिशसला गेले त्याच वर्षीचं. जंगलातून अंडी उचलून इनक्युबेटरमध्ये उबवायचं काम माळढोकासाठी राजस्थानात सुरू झालं ते २०१९ मध्ये, आणि तोपर्यंत नान्नजला माळढोक दिसणं जवळपास थांबलं होतं. मॉरिशसला मोजकेच पक्षी असताना अंडी उचलायचं धाडस झालं. आपण फारच उशिरा हात घातला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता १९९४ नंतर. पुढची काही वर्षं आकडा स्वतःच्या जोरावर वाढत राहिला, २००० च्या दशकात ५०० ते ८०० असे अंदाज आले आणि सगळ्यांना वाटलं की झालं काम. पण उत्तरेकडच्या मोका डोंगरात जे पक्षी सोडले होते ते टिकले नाहीत, तिथली वसाहत संपली. पश्चिमेची, म्हणजे मूळ जिथे ते चार पक्षी होते तिथली संख्याही घसरायला लागली. उरल्या दोनच वसाहती, पश्चिमेची आणि पूर्वेची, मध्ये ऊस आणि वस्ती, आणि पक्षी एकीकडून दुसरीकडे जात नाहीत. जंगलातला पक्षी आहे, मोकळ्या शेतावरून लांब उडणं त्याच्या स्वभावात नाही. पुढे एकूण संख्या ४०० च्या आसपास धरली जाऊ लागली आणि २०१४ मध्ये तो परत धोक्यातल्या वर्गात टाकला गेला.

कारणं एकात एक अडकलेली आहेत. उरलेल्या जंगलात बाहेरून आणलेला चायनीज पेरू एवढा दाट माजलाय की मूळ झाडांची रोपं खाली उभीच राहत नाहीत, म्हणजे पार्क नकाशावर आहे पण आतलं जंगल म्हातारं होत चाललंय, चक्रीवादळात जुनं झाड पडलं की त्या जागी ढोली होईल असं झाड पुन्हा येत नाही. मूळ झाडं नाहीत तर पालीही कमी. मग पक्षी नेस्ट बॉक्सवर अवलंबून राहतो, आणि बॉक्स कुजतो, मोडतो, कुणीतरी जाऊन बदलावा लागतो.

पाऊसही बदललाय. बांबू रांगेतल्या प्रत्येक घरट्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली, पिल्लांना रिंगा घातल्या, जवळजवळ प्रत्येक पक्षी ओळखीचा आहे, आणि त्या नोंदींवर ब्रिटनमधल्या संशोधकांनी काम केलं. विणीच्या सुरुवातीला, म्हणजे तिथल्या वसंतात, पावसाचे दिवस वाढले की अंडी उशिरा पडतात, आणि उशिरा पडली की पिल्लं नेमकी उन्हाळी मोठ्या पावसात सापडतात. ओल्या दिवसात पालही बाहेर पडत नाही आणि पक्ष्यालाही शिकार जमत नाही. २०१४ चा दुसरा एक अभ्यास तर मला फारच लागला: ज्या माद्या शेतीने वेढलेल्या इलाक्यात जन्मल्या त्या कमी वयात जास्त अंडी घालतात पण लवकर थकतात, नंतर चांगल्या जंगलात राहायला गेल्या तरी जन्मजागेचा तो परिणाम पुसत नाही.

आणि सगळ्यात खोलवरची गोष्ट जनुकांची. आजचे सगळे केस्ट्रल जवळपास एकाच जोडीचे वंशज. जिम ग्रूमब्रिज आणि सहकाऱ्यांनी म्युझियममधल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढून २००० मध्ये दाखवलं की पूर्वी या बेटावरच्या केस्ट्रलमध्ये चांगली जनुकीय विविधता होती, आणि आता त्यातले निम्म्याहून जास्त जनुकप्रकार गेलेत, साधारण ५५ टक्के. ते परत येत नाहीत. पक्षी आज धडधाकट दिसतो, पिल्लं काढतो, पण नवीन रोग आला किंवा हवामान अजून बदललं तर निवडायला आत फारसं काही शिल्लक नाही. त्यातून दोन वसाहती वेगळ्या, म्हणजे उरलेलं थोडंसुद्धा दोन्हीकडे अजून झिजणार.

म्हणून १९९४ चा निर्णय चूक होता का? मी पूर्ण चूक म्हणणार नाही. त्या टीमकडे मॉरिशसचंच गुलाबी कबूतर होतं, जे १९९० च्या सुमारास जंगलात दहाएक उरलं होतं, एको पोपट होता, त्याचीही तीच गत, आणि माणसं तीच, पैसा तोच. केस्ट्रल सावरलाय म्हणून ताकद तिकडे वळवली आणि त्या दोन्ही प्रजाती आज शेकड्यात आहेत. कार्ल जोन्सना २०१६ मध्ये इंडियानापोलिस प्राइझ (प्राणी संवर्धनातलं मोठं बक्षीस) मिळालं ते या सगळ्या कामासाठी. चूक झाली ती वेगळीकडे, असं मला वाटतं: पक्षी सोडणं थांबवणं ठीक होतं, पण त्याबरोबर पश्चिमेकडच्या घरट्यांवरची सततची नजरही सैल झाली, त्यामुळे घसरण सुरू झाली तेव्हा ती लगेच पकडता आली नाही. पूर्वेकडे दरवर्षी मोजणी चालू होती म्हणून तिथलं चित्र स्पष्ट राहिलं. मोजणीचा खर्च पिल्लं वाढवण्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि तोच आधी कापला जातो, हे जवळजवळ प्रत्येक देशात दिसतं.

२०२२ च्या मार्चमध्ये, प्रजासत्ताकाला तीस वर्षं झाली तेव्हा, मॉरिशसने केस्ट्रलला राष्ट्रीय पक्षी जाहीर केलं. ज्याला कोंबडीखाऊ म्हणून दगड मारायचे त्याला हा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण पुढचं काम समारंभाचं नाही. पूर्व-पश्चिम पक्षी हलवून दोन्हीकडचं रक्त मिसळत ठेवणं मला सगळ्यात निकडीचं वाटतं, कारण त्याला उशीर केला तर नंतर पैसे ओतूनही उपयोग नाही. नेस्ट बॉक्स दरवर्षी दुरुस्त झाले पाहिजेत. आणि ब्लॅक रिव्हरच्या पार्कमध्ये काही छोटे तुकडे कुंपण घालून डुकरं-हरणं बाहेर ठेवतात आणि मजूर लावून पेरू हाताने उपटतात, तिथे मूळ झाडांची रोपं परत उगवताना दिसतात. पार्कच्या एकूण क्षेत्रात हे तुकडे अगदी थोडे आहेत, आणि एकदा साफ केलेल्या जागीही पेरू परत येतो, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्या रोपांना ढोली पडण्याएवढं वय व्हायला शंभराच्या वर वर्षं लागतील, तोपर्यंत लाकडी बॉक्स आणि कड्यावर चढणारी माणसं यांच्यावरच हा पक्षी चालायचाय.